संप केला म्हणून देशाबाहेर? विनिपेगचे रेल्वे कामगार, हद्दपारीचा कायदा आणि तुरुंगातून निवडून आलेले आमदार

परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांशी फोनवर बोलताना आईवडील हल्ली हमखास बजावतात, "तिकडे मोर्च्याबिर्च्यात जाऊ नकोस हं, व्हिसा जाईल." ही धास्ती उगाच नाही. परक्या देशात राहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर दोन कायदे असतात. एक फौजदारी कायदा. त्यात आरोप ठेवला की पुरावा द्यावा लागतो, वकील मिळतो, न्यायालय निकाल देतं. दुसरा स्थलांतराचा कायदा. त्यात 'या माणसाला आपल्या देशात राहू द्यायचं का' एवढंच ठरवायचं असतं, आणि पुष्कळदा ते अधिकारीच ठरवतात.

एखादं आंदोलन सरकारला नकोसं झालं की हात या दुसऱ्या कायद्याकडे जातो. हे कसं घडतं ते समजून घ्यायला कॅनडातल्या विनिपेग शहराइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही. १९१९ मध्ये तिथे संप झाला. त्याच्या पुढाऱ्यांपैकी बहुतेक जण बाहेरून आलेले होते. सरकारने त्यांना हद्दपार करण्यासाठी कायदा बदलला, मग तुरुंगात टाकलं. आणि वर्षभरात मतदारांनी त्यांतल्या तिघांना प्रांताच्या विधानसभेवर निवडून दिलं.

रसेल कोण, आणि विनिपेग कुठे

कॅनडाच्या नकाशात मधोमध, अमेरिकेच्या सीमेच्या थोडं वर, मॅनिटोबा प्रांताची राजधानी विनिपेग आहे. पूर्वेकडून पश्चिमेच्या गव्हाच्या प्रदेशात जाणारी रेल्वे याच शहरातून जायची. त्यामुळे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचं अवाढव्य यार्ड आणि वर्कशॉप इथे उभे राहिले. रुळांच्या उत्तरेला नॉर्थ एंड नावाची वस्ती होती. युक्रेनियन, पोलिश, ज्यू, जर्मन अशी पूर्व आणि मध्य युरोपातून आलेली कुटुंबं तिथे लहानशा घरांत दाटीवाटीने राहत. दक्षिणेला धान्याचे व्यापारी, वकील, कारखानदार यांचे बंगले. परळ-लालबाग आणि मलबार हिल यांच्यात जेवढं अंतर आपण मनात धरतो, तेवढंच तिथेही होतं.

रॉबर्ट रसेल, सगळ्यांचे 'बॉब', ग्लासगोचे. १९११ मध्ये, विशीतच, ते विनिपेगला आले आणि कॅनेडियन पॅसिफिकच्या वर्कशॉपमध्ये मशिनिस्ट म्हणून लागले. ग्लासगो हे जहाजबांधणीचं आणि इंजिनं बनवण्याचं शहर. तिथल्या कामगाराला युनियन कोणी शिकवावी लागत नसे. काही वर्षांतच ते रेल्वेतल्या मशिनिस्टांच्या युनियनचे सचिव झाले. त्या वेळच्या सोशालिस्ट पार्टीचेही ते सभासद होते, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही.

त्यांच्याभोवतीची माणसंही अशीच ठिकठिकाणाहून आलेली. विल्यम आयव्हन्स इंग्लंडहून आलेले धर्मोपदेशक. जॉन क्वीन स्कॉटलंडचे, पिंपं बनवणारे कारागीर. एब हीप्स इंग्लंडमधल्या लीड्सचे. रिचर्ड जॉन्स रेल्वेतलेच मशिनिस्ट. जॉर्ज आर्मस्ट्राँग सुतार, आणि या मंडळींत कॅनडातच जन्मलेले तेवढे एक.

भांडण नेमकं कशाचं होतं

विनिपेगच्या संपाबद्दल बोलताना लोक थेट क्रांती, बोल्शेविक, गोळीबार यांकडे वळतात. सुरुवात मात्र अगदी साध्या मागणीतून झाली होती: आमच्या युनियनला मान्यता द्या आणि तिच्याशी बोला. याला सामुदायिक सौदा म्हणतात. मालकाने प्रत्येक कामगाराशी वेगळा करार न करता सगळ्यांच्या वतीने बोलणाऱ्या संघटनेशी एकच करार करायचा.

आपल्याकडे जुनी इमारत पुनर्विकासाला जाते तेव्हा काय होतं ते आठवा. बिल्डर एकेका फ्लॅटमालकाला गाठतो तेव्हा प्रत्येकाला वेगळा भाव, वेगळं आश्वासन. सगळे सभासद एकत्र येऊन सोसायटीच्या नावाने बोलायला बसले की त्याच बिल्डरला सगळ्यांचा हिशेब एकदम करावा लागतो. आता एकाच आवारात दहा सोसायट्या असतील, आणि त्यांनी मिळून फेडरेशन केली, तर तिची ताकद आणखी वाढते. बिल्डर म्हणतो, "मी फेडरेशनला ओळखत नाही, तुमच्या तुमच्या सोसायटीने येऊन बोला." विनिपेगचं भांडण या शेवटच्या पायरीवरचं होतं.

कारण असं, की तेव्हा युनियन धंद्याप्रमाणे वेगवेगळ्या असत. मशिनिस्टांची एक, लोहारांची दुसरी, बॉयलर बनवणाऱ्यांची तिसरी. एकाच छपराखाली काम करणारी माणसं सात-आठ युनियनांत वाटलेली. मालक एकीशी करार करायचा, दुसरीला ताटकळत ठेवायचा. रेल्वे कामगारांनी यातून आधी वाट काढली. १९१८ मध्ये रेल्वे वर्कशॉपमधल्या युनियन 'डिव्हिजन ४' या नावाखाली एकत्र आल्या आणि रेल्वे कंपन्यांच्या युद्धकाळातल्या मंडळाशी त्यांनी एकत्र बोलणी केली. रसेल यांनी हे जवळून पाहिलं. एकजुटीने बसलं की कंपनीला बोलावं लागतं, हे त्यांच्यासाठी अनुभवाचं ज्ञान होतं.

शहरातल्या खासगी लोखंडी कारखान्यांत, म्हणजे व्हल्कन आयर्न वर्क्स, मॅनिटोबा ब्रिज आणि डॉमिनियन ब्रिज या तीन ठिकाणी, त्याच प्रकारचं काम करणाऱ्या माणसांना हे मिळालेलं नव्हतं. त्यांनीही धातूकामातल्या युनियनांची एक संयुक्त परिषद केली. मालकांनी तिला ओळखायलाच नकार दिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात राहणीखर्च दीडपटीच्या वर गेलेला, मजुरी मागे पडलेली, आघाडीवरून परतलेले सैनिक कामाच्या शोधात. मेच्या पहिल्या दोन दिवसांत आधी बांधकाम कामगार आणि मग धातूकामगार संपावर गेले. शहरातल्या सगळ्या युनियनांनी मतदान घेतलं: यांच्या पाठिंब्यासाठी आपण सगळ्यांनी काम थांबवायचं का? अकरा हजारांच्या वर मतं 'हो'ला पडली, विरोधात साधारण पाचशे.

सहा आठवडे शहर कसं चाललं

१५ मे १९१९ ही तारीख ठरली, वेळ सकाळी अकराची. टेलिफोन ऑपरेटर मुलींनी मात्र तेवढाही वेळ वाट पाहिली नाही. सकाळी सातची पाळी त्यांनी घेतलीच नाही आणि शहराचे फोन मुके झाले. दिवसभरात पंचवीस ते तीस हजार माणसं कामावरून उठली. त्यांतली निम्म्याहून अधिक कुठल्याच युनियनची सभासद नव्हती. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांना कोणी आदेश देऊ शकत नव्हतं, ती माणसं आपणहून आली.

सगळंच बंद पडल्यावर पहिला प्रश्न दुधाचा आला. लहान मुलं, आजारी माणसं, इस्पितळं यांना उपाशी ठेवून संप चालत नाही. संप समितीने दूध आणि पावाच्या गाड्या सुरू ठेवल्या. गाडीवाल्याला संपफोड्या म्हणून कोणी अडवू नये यासाठी गाड्यांवर कार्ड लावलं: संप समितीच्या परवानगीने. पाणीपुरवठ्याचा दाब इतकाच ठेवला की तळमजल्यावर पाणी येईल. पोलिसांनीही संपाच्या बाजूने मत दिलं होतं, पण शहरात गोंधळ माजू नये म्हणून समितीनेच त्यांना कामावर राहायला सांगितलं. सुतार आर्मस्ट्राँग यांच्या पत्नी हेलन आर्मस्ट्राँग यांनी संपातल्या बायकांसाठी मोफत खाणावळ चालवली. घर सोडून शहरात खोली घेऊन राहणाऱ्या, आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्या मुली तिथे जेवायला येत. या खाणावळीशिवाय त्या मुली संपात किती दिवस टिकल्या असत्या, हा विचार पुढाऱ्यांच्या गोष्टी सांगताना सुटून जातो.

पण हे बंडच नव्हतं का?

हा आक्षेप तेव्हाही होता, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. रशियातली क्रांती होऊन दोन वर्षंही झालेली नव्हती. मार्च १९१९ मध्ये कॅलगरीला पश्चिम कॅनडातल्या कामगार प्रतिनिधींची परिषद भरली होती. तिथे धंद्यावार युनियन मोडून सगळ्या कामगारांची 'वन बिग युनियन', म्हणजे एकच मोठी युनियन, करायचं ठरलं. रशियातल्या सोव्हिएत सरकारला पाठिंबा देणारे ठरावही झाले. रसेल तिथे होते. दुधाच्या गाडीवर 'समितीच्या परवानगीने' असं कार्ड पाहणाऱ्या श्रीमंत माणसाला वाटलं, शहर आता कोणाच्या हुकमावर चालतंय?

शहरातल्या व्यापारी आणि वकील मंडळींनी 'हजार नागरिकांची समिती' काढली. ए. जे. अँड्र्यूज हे वकील आणि माजी महापौर तिचे प्रमुख सूत्रधार. हा सगळा परकीयांचा कट आहे, असा प्रचार तिने केला.

वस्तुस्थिती काय सांगते? संपवाल्यांनी शस्त्रं जमवली नाहीत, सरकारी इमारती ताब्यात घेतल्या नाहीत. उलट, 'काहीच करू नका, घरी राहा, चिथावणीला बळी पडू नका' असंच त्यांचं पत्रक रोज सांगत होतं. संपानंतर मॅनिटोबा सरकारने नेमलेल्या रॉबसन आयोगाने चौकशी केली. महागाई, अपुरी मजुरी, लांब पाळ्या आणि युनियनला मान्यता नाकारणं यांतून हा असंतोष उठला, असा त्याचा निष्कर्ष होता. परकीय कटाची गोष्ट आयोगालाही पटली नाही. पुढाऱ्यांची भाषा क्रांतीची होती, मागणी मात्र वाटाघाटीच्या टेबलावर एका खुर्चीची होती. या दोन गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हे सरकारने मानलं असतं तर पुढचं रक्त सांडलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

आणखी एक गाठ इथे समजून घ्यावी लागते. तेव्हाचे केंद्रीय कामगारमंत्री गिडियन रॉबर्टसन हे स्वतः रेल्वेच्या तारयंत्र कामगारांच्या युनियनचे पदाधिकारी होते. तरीही ते संपाच्या विरोधात उभे राहिले. त्यांची युनियन जुन्या घडणीची, आपापल्या धंद्यापुरती. एकच मोठी युनियन आली तर त्यांच्यासारख्यांनी आयुष्यभर बांधलेलं घर कोसळणार होतं. कामगार विरुद्ध सरकार एवढ्या एका रेषेत ही गोष्ट मावत नाही. रेल्वेच्या दोन प्रकारच्या युनियनांतलं भांडणही तिच्या पोटात आहे.

चाळीस मिनिटांत बदललेला कायदा

कॅनडाच्या १९१० च्या स्थलांतर कायद्यात कलम ४१ होतं. बळाने सरकार उलथवण्याचा प्रचार करणाऱ्या परकीयाला देशाबाहेर काढता येईल, असा त्याचा आशय. अडचण अशी झाली की रसेल, क्वीन, आयव्हन्स, हीप्स हे सगळे ब्रिटनमध्ये जन्मलेले. कॅनडा ब्रिटिश साम्राज्याचा भाग, आणि इथे स्थायिक झालेला ब्रिटिश माणूस कायद्याच्या दृष्टीने परकीय नव्हता. त्याला हाकलता येत नव्हतं.

६ जून १९१९ रोजी ओटावातल्या संसदेने ही अडचण दूर केली. ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांनाही हद्दपार करता येईल अशी दुरुस्ती मांडली गेली. दोन्ही सभागृहांतली सगळी वाचनं आणि शेवटची राजमान्यता, हे सारं सुमारे चाळीस मिनिटांत उरकलं.

याचा अर्थ असा: ज्युरीपुढे खटला न चालवता, अधिकाऱ्यांच्या चौकशीवर, वर्षानुवर्षं स्थायिक झालेल्या माणसाला बोटीत बसवायची सोय झाली. त्यानंतर दहा दिवसांनी, १६-१७ जूनच्या मध्यरात्री, रसेल आणि इतरांना घरातून उचलून शहराबाहेरच्या स्टोनी माउंटन तुरुंगात नेलं.

२१ जूनच्या शनिवारी युद्धातून परतलेल्या सैनिकांनी या अटकेच्या निषेधार्थ मूक मोर्चा काढला. मेन स्ट्रीटवर जमावाने एक ट्राम अडवून पेटवली. घोडेस्वार पोलीस गर्दीत घुसले, गोळ्या झाडल्या गेल्या. माइक सोकोलोव्स्की जागीच ठार झाले, स्टीव्ह श्चेर्बानोविच नंतर जखमांनी गेले. दोघेही पूर्व युरोपातून आलेले. २६ जूनला संप मागे घेतला गेला.

निदान कायदा सगळ्यांना सारखा तरी होता ना?

नव्हता, आणि या गोष्टीतला सगळ्यात बोचणारा भाग मला हाच वाटतो.

त्याच रात्री पूर्व युरोपीय नावांची काही माणसंही पकडली होती: चारिटोनॉफ, ब्लूमेनबर्ग, अल्माझॉफ. एका माणसाला तर ओळख न पटवता, दुसऱ्याच्या जागी, उचललं. त्याचं नाव व्हेरेन्चुक, आणि तो युद्धातून परतलेला सैनिक होता. संपाच्या निर्णयांत यांच्यापैकी कोणाचाही महत्त्वाचा वाटा नव्हता. पण 'परकीयांचा कट' दाखवायचा तर परकीय नावं हवी होती.

ब्रिटिश पुढाऱ्यांच्या अटकेवर देशभर ओरड झाली. संपाला विरोध असलेल्या मवाळ युनियनही बिथरल्या. तेव्हा सरकारने त्यांच्यापुरता हद्दपारीचा बेत सोडला, काही दिवसांत जामीन दिला आणि नेहमीच्या न्यायालयात खटले भरले. पूर्व युरोपीयांच्या वाट्याला मात्र स्थलांतर मंडळाची चौकशीच आली. ब्लूमेनबर्ग यांना देश सोडावा लागला.

'ब्रिटिश प्रजाजन' या शब्दांचा आधार तरी सगळ्यांना सारखा होता का, हे भारतीय वाचकाने जरूर विचारावं. पाचच वर्षांपूर्वी, १९१४ मध्ये, कोमागाटा मारू ही बोट व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडवून ठेवली होती. तिच्यावरचे ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबी, ब्रिटिश प्रजाजनच होते. मायदेशातून थेट, वाटेत न थांबता आलं पाहिजे, असा नियम पुढे करून मोजके सोडता सगळ्यांना परत पाठवलं. म्हणजे वरच्या पायरीवर ग्लासगोचा कामगार, मधल्या पायरीवर युक्रेनियन, आणि दारातच अडवलेला भारतीय.

आजचा कॅनडा पुष्कळ बदलला आहे. १९८२ च्या हक्कांच्या सनदेत मत मांडण्याचं आणि संघटना करण्याचं स्वातंत्र्य 'प्रत्येकाला' दिलं आहे, नागरिक असो वा नसो. देशात येण्याचा आणि राहण्याचा हक्क मात्र त्याच सनदेने 'प्रत्येक नागरिकाला' दिला आहे. बोलण्याचा हक्क सगळ्यांना आणि राहण्याचा काहींना, ही फट कायद्यात आजही आहे. मुलांना धीर देताना किंवा सावध करताना पालकांनी हा फरक नीट समजून घ्यावा.

असं फक्त कॅनडातच झालं का?

हीच युक्ती दहा वर्षांनी मुंबईपर्यंत आली. बेन ब्रॅडली हे इंग्लंडमधले इंजिनिअरिंग कामगार १९२७ मध्ये भारतात आले आणि जीआयपी रेल्वेच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या, कामगार युनियनमध्ये आणि गिरणी कामगारांत काम करू लागले. इंग्रज माणूस भारतीय कामगारांच्या बाजूने उभा राहतो, त्याला काढायचं कसं? म्हणून सरकारने १९२८ मध्ये 'पब्लिक सेफ्टी बिल' आणलं. ब्रिटिश आणि परदेशी कम्युनिस्टांना भारतातून हद्दपार करण्याचा अधिकार त्यात मागितला होता. दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात मतं समसमान पडली आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी आपलं निर्णायक मत विरोधात टाकलं. सरकारने ते पुन्हा आणलं. ८ एप्रिल १९२९ रोजी विठ्ठलभाई त्यावर निर्णय द्यायला उभे राहत असतानाच भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकले. तो प्रसंग आपल्याला शाळेपासून पाठ आहे, पण ते बिल कशाचं होतं हे क्वचितच सांगितलं जातं.

ब्रॅडली यांना तोवर मीरत कटाच्या खटल्यात अटक झालीच होती. डांगे, मिरजकर, निंबकर, घाटे आणि रेल्वे युनियनचे जोगळेकर त्यांच्यासोबत आरोपी होते. मीरत का निवडलं? मुंबईत खटला चालला असता तर ज्युरी बसवावी लागली असती. विनिपेगमध्ये निदान ज्युरी मिळाली, जरी ती शहराबाहेरच्या शेतकऱ्यांची होती.

तुरुंगात असताना निवडून कसे आले?

रसेल यांचा खटला आधी चालला. आरोप 'राजद्रोहाच्या कटा'चा, म्हणजे सरकारविरुद्ध बंड माजवण्यासाठी संगनमत केल्याचा. सरकारी बाजू मांडायला उभे राहिले तेच अँड्र्यूज, संपाविरुद्धच्या समितीचे. १९१९ च्या नाताळच्या तोंडावर निकाल लागला: दोन वर्षं कैद. पुढच्या वर्षी बाकीच्यांपैकी हीप्स निर्दोष सुटले, एकाला सहा महिने, उरलेल्या पाच जणांना एकेक वर्ष. फ्रेड डिक्सन हे मजूर आमदार होते. संपाच्या वर्तमानपत्रात लिहिल्याबद्दल त्यांच्यावर वेगळा खटला होता. त्यांनी वकील न घेता ज्युरीपुढे स्वतःच भाषण केलं आणि ते सुटले. याच वर्तमानपत्राचं काही दिवस संपादन केलेले जे. एस. वुड्सवर्थ यांच्यावरच्या आरोपपत्रात तर त्यांनी छापलेली बायबलमधली यशया संदेष्ट्याची वचनं होती, गरिबांना न्याय नाकारणारे कायदे करणाऱ्यांचा धिक्कार करणारी. तो खटला पुढे सरकारनेच सोडला.

२९ जून १९२० ला मॅनिटोबाच्या विधानसभेची निवडणूक आली. विनिपेग शहर हा दहा जागांचा एकच मतदारसंघ होता आणि मतदान पसंतीक्रमाने. आपल्याकडे विधानपरिषदेच्या किंवा राज्यसभेच्या निवडणुकीत 'कोटा' आणि 'दुसऱ्या पसंतीची मतं' हे शब्द ऐकू येतात, तीच ही पद्धत. फरक इतकाच की तिथे आमदारांऐवजी सामान्य मतदार असं मत देत होते. मतपत्रिकेवर १, २, ३ असे आकडे टाकायचे. दहा जागा असतील तर एकूण मतांचा साधारण अकरावा हिस्सा मिळाला की उमेदवार निवडून आला. त्याला लागली त्याहून जास्त मतं मिळाली तर जास्तीची मतं मतदाराच्या पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात.

ही पद्धत इथे निर्णायक ठरली. डिक्सन यांना पहिल्या पसंतीची अकरा हजारांहून जास्त मतं पडली, कोट्याच्या दुपटीहूनही बरीच अधिक. साध्या पद्धतीत ही जास्तीची मतं वाया गेली असती. इथे त्यांतली बरीच इतर मजूर उमेदवारांकडे गेली. आयव्हन्स, क्वीन आणि आर्मस्ट्राँग तिघेही तुरुंगात होते, प्रचाराची एकही सभा घेऊ शकले नव्हते, आणि तिघेही निवडून आले. शहरातल्या दहापैकी चार जागा आणि ५५ जणांच्या विधानसभेत एकूण अकरा जागा मजुरांकडे गेल्या. १९२१ च्या सुरुवातीला सुटका झाल्यावर तिघे सभागृहात जाऊन बसले.

रसेल याच निवडणुकीला तुरुंगातून उभे होते. ते पडले. पुढच्या वर्षी केंद्रीय संसदेची निवडणूकही त्यांनी लढवली, तीही हरले.

विधानसभेत जाऊन मिळालं काय?

संप हरला, कारखान्यांत मान्यता मिळाली नाही, शेकडो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. मग चार आमदारांनी काय फरक पडतो, हा शेवटचा आणि सगळ्यात रास्त प्रश्न. त्याचं उत्तर कॅनडाच्या घटनेत आहे. रेल्वे हा विषय केंद्राचा, पण बहुतेक उद्योगांतलं कामगार आणि मालक यांचं नातं हा प्रांताचा विषय. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हा कॅनडासाठीही शेवटच्या अपिलाचं न्यायालय असलेल्या संस्थेने, १९२५ मध्ये हे स्पष्टच केलं. किमान वेतन, कामाचे तास, अपघाताची भरपाई, युनियनची मान्यता यांचे बहुतेक निर्णय ओटावात नाही, विनिपेगमध्ये होणार होते. म्हणून या माणसांनी प्रांतिक राजकारण धरून ठेवलं. क्वीन १९४१ पर्यंत आमदार राहिले आणि मध्ये अनेक वर्षं त्याच विनिपेगचे महापौरही होते. हीप्स आणि वुड्सवर्थ केंद्रीय संसदेत गेले. १९२० च्या दशकात सरकारला त्यांच्या मतांची गरज पडली तेव्हा त्यांनी बदल्यात वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा मागून घेतला.

या पिढीतले सेमूर फार्मर यांचं नाव फारसं घेतलं जात नाही. कार्डिफला जन्मलेले, १९०० मध्ये कॅनडात आलेले, रेल्वेच्या कचेरीत कारकुनी केलेले. १९२२ ते १९४९ अशी सत्तावीस वर्षं ते मॅनिटोबाचे आमदार होते, १९२३-२४ मध्ये महापौर, आणि १९४० मध्ये युद्धकाळातल्या संयुक्त मंत्रिमंडळात कामगारमंत्री. दोनच वर्षांत त्यांच्या पक्षाने ते मंत्रिमंडळ सोडलं. मित्रपक्षांच्या सरकारात राहून आपला कार्यक्रम पुढे रेटता येत नाही, हा अनुभव त्यांच्या पक्षाला आला.

रसेल यांनी दुसरी वाट धरली. वर्षभराने तुरुंगातून सुटले ते थेट वन बिग युनियनच्या कामाला लागले. पश्चिम कॅनडात ती झपाट्याने ओसरली, पण विनिपेगमध्ये रसेल यांनी ती १९५६ मध्ये कॅनेडियन लेबर काँग्रेसमध्ये विलीन होईपर्यंत चालवली. १९६४ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाची व्यवसायशिक्षणाची शाळा विनिपेगमध्ये आहे.

आणि १९१९ ची मूळ मागणी? फेब्रुवारी १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात उत्पादन थांबू नये म्हणून, केंद्र सरकारने पी. सी. १००३ हा हुकूम काढला. बहुसंख्य कामगारांनी निवडलेल्या युनियनला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे आणि तिच्याशी प्रामाणिकपणे वाटाघाटी केल्याच पाहिजेत, असं त्यात बंधन होतं. व्हल्कन आयर्न वर्क्सच्या फाटकावर मागितलेली गोष्ट पंचवीस वर्षांनी कायद्याने सक्तीची झाली. रसेल तेव्हा विनिपेगमध्येच होते, आपल्या युनियनच्या कामात.